बाराशे सीसीची रेघ आणि कुर्ल्याची गाडी

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

मारुती मंदिरपासून साळवी स्टॉपपर्यंत कुठल्याही टपरीवर उभे राहा, हल्ली एक वाक्य हमखास कानावर पडतं. "पंधरा वर्षं झाली ना, आता गाडी भंगारात." मी गेली तीन वर्षं एक वीस वर्षांची जुनी फियाट पालिओ, तीसुद्धा १.६ लिटरची, थोडी थोडी करून दुरुस्त करतोय, त्यामुळे हे वाक्य मला सहानुभूतीसकट ऐकवलं जातं. कुणी मेल्यासारखं. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहावं, कारण या गाडीचा इतिहास आपल्या महाराष्ट्राच्या कारखानदारीचा इतिहास आहे, आणि ती मला मोटरसायकलपेक्षा कमी पैशात का मिळाली याचं उत्तर अर्थसंकल्पात आहे.

आधी हॉट हॅच म्हणजे काय ते. साधी, घरगुती, मागे डिकीचं दार वर उघडणारी छोटी गाडी. पण तिच्यात तिच्या वजनाच्या मानाने दणकट इंजिन. बाजारहाट पण करते, घाटात हसवते पण. जगात ही कल्पना रुजवली फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयने. १९७५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती दाखवली, ७६ ला विक्रीला आली. कंपनीतल्या काही इंजिनिअरांनी सुरुवातीला गुपचूप केलेलं काम ते. व्यवस्थापनाला वाटलं पाच हजार खपतील. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून जास्त गेल्या. श्रीमंतांची स्पोर्ट्स कार नोकरदार माणसाच्या दारात आली, ती अशी.

आपल्याकडे तेव्हा काय होतं? कुर्ल्याची प्रीमियर. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या डॉज, डिसोटो, प्लायमाउथ गाड्या आणि ट्रक जोडून बाहेर पडू लागले; १९५० च्या दशकात फियाटशी करार झाला आणि छोट्या इटालियन गाड्या आल्या. १९६४ मध्ये ११०० डिलाइट, मग करार संपल्यावर नाव बदलून प्रीमियर प्रेसिडेंट, आणि मग आपली सगळ्यांची पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी.

कोकणातल्या माणसाला कुर्ला वेगळं सांगायला नको. गिरणीत जागा नाही मिळाली तर इंजिनिअरिंग कारखाना, हा चाकरमान्यांचा नकाशाच होता. आमच्या वाडीतले एक काका प्रीमियरमध्ये होते. गणपतीला आले की पडवीत बसून सांगायचे, दार कसं बसवतात, रंगाच्या भट्टीजवळ कसं उकडतं. गावात त्यांना सगळे "फियाटवाले" म्हणायचे, आणि त्यांच्याकडे स्वतःची सायकल होती. दत्ता सामंत हे नावसुद्धा पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं. डॉक्टरसाहेब मूळचे आपल्या मालवणकडच्या देवबागचे, आणि प्रीमियरच्या कामगारांत त्यांच्या संघटनेचा मोठा दबदबा. १६ जानेवारी १९९७ ला पवईत त्यांचा खून झाला, तेव्हा कुर्ल्यातली ती जुनी दुनियासुद्धा शेवटच्या घटका मोजत होती.

कारण १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली होती. वीस-तीस वर्षं तीच गाडी, तोच साचा, नंबर लावून थांबलेलं गिऱ्हाईक, अशा सवयीत वाढलेल्या कंपनीला तो धक्का पेलला नाही. फियाटची उनो नव्वदच्या मध्याला आली, बुकिंगला झुंबड उडाली, आणि कामगार-व्यवस्थापन भांडणात लोकांच्या हातात गाड्याच वेळेवर पडल्या नाहीत. विश्वास एकदा गेला की शोरूमच्या काचा कितीही पुसा. पुढे फियाटने सूत्रं आपल्या हातात घेतली, १९९९ मध्ये सिएना आणली आणि सप्टेंबर २००१ मध्ये पालिओ.

पालिओ ही फियाटची 'जगासाठी एकच गाडी' होती. ब्राझीलमध्ये १९९६ ला सुरू झालेली, खराब रस्त्यांचा विचार करून बांधलेली. आपल्याकडे जाहिरातीला साक्षात सचिन. त्याच्या नावाची एस-१० ही मर्यादित आवृत्तीही निघाली होती. (जाता जाता: सचिनने २००२ मध्ये ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली म्हणून फियाटने त्याला फेरारी भेट दिली, तीवरचं सीमाशुल्क सरकारने माफ केलं, त्यावरून गदारोळ झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी फियाटनेच शुल्क भरलं. त्यावेळी चॅनेलवाल्यांना तोच विषय होता.)

लोकांनी घेतली ती १.२ आणि डिझेल. पण १.६ जीटीएक्स नावाची जी होती, तिच्यात सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, शंभर अश्वशक्ती. त्या काळात एवढी ताकद मोठ्या सेडानमध्ये शोधावी लागायची. भारतातली पहिली खरी हॉट हॅच कुठली यावर गाडीवेडे लोक तासन् तास भांडतील, झेन, उनो सगळी नावं घेतील. माझं मत पालिओ १.६ ला. आणि ती जपान-जर्मनीतून खोक्यात नव्हती आली. कुर्ल्यात बनली होती.

मग ती पडली का?

सोपं उत्तर सगळ्यांना माहीत आहे: पेट्रोल पिते. पितेच. शहरात लिटरला दहा मिळाले तर मी देवाला नारळ वाढवतो. दुसरं उत्तर इटलीत आहे. २००२ च्या सुमाराला ट्युरिनमधली मूळ कंपनीच बुडायच्या बेतात होती. जानेवारी २००३ मध्ये जियोव्हानी आन्येल्ली वारले. करारानुसार फियाटची मोटार कंपनी जनरल मोटर्सला घ्यावी लागली असती, तर २००५ मध्ये जनरल मोटर्सने ती घ्यावी लागू नये म्हणून २ अब्ज डॉलर मोजले. घ्यायला नको म्हणून पैसे! ज्या घरात असं चाललंय तिथे रत्नागिरी-कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला मागचा दिवा आणि क्लच केबल वेळेवर मिळते का, हे कोण बघणार?

पण तिसरं कारण फार कमी लोक सांगतात, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २८ फेब्रुवारी २००६. पी. चिदंबरम यांचा अर्थसंकल्प. छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. छोटी गाडी म्हणजे कुठली? लांबी चार मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० पर्यंत. बस्स. एक रेघ. पालिओ चार मीटरच्या आत बसत होती, पण १.६ चं इंजिन रेघेच्या पलीकडे पडलं. बाहेरून तीच गाडी, तेवढीच लांब, तेवढीच माणसं बसणार. पण एकीवर १६ टक्के आणि दुसरीवर २४.

त्यामागचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. भारत छोट्या गाड्यांचं जागतिक केंद्र व्हावा, तेल वाचावं, हे धोरण होतं आणि ते बऱ्यापैकी साधलंसुद्धा. पण रेघ इंजिनाच्या आकारावर मारली. गाडी किती धूर सोडते, लिटरला किती जाते यावर नाही मारली. त्यामुळे पुढची वीस वर्षं भारतातल्या प्रत्येक इंजिनिअरला एकच गणित सोडवावं लागलं: बाराशेच्या आत काय काय कोंबता येईल? २०१३ मध्ये चाकणहून फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आली. इंजिन ११९७ सीसी. टर्बो लावून १०५ अश्वशक्ती. तीन सीसी राखून रेघेच्या आत! उलट २०१५ च्या ऑक्टोबरात रांजणगावहून आलेली पुंटो अबार्थ बघा. १.४ लिटर टर्बो, १४५ अश्वशक्ती, दहा लाखांच्या आत किंमत. रेघेबाहेरची. जाणकारांनी डोक्यावर घेतली, खपली मोजकीच. टाटांची अल्ट्रोझ रेसर २०२४ ला आली ती पुन्हा १.२ टर्बो. जीएसटी आला तरी रेघ तिथेच. २२ सप्टेंबर २०२५ पासूनचे नवे दर बघा: रेघेच्या आत १८ टक्के, बाहेर ४०.

नावं परत वाचा. कुर्ला, चाकण, रांजणगाव. ही वेगवान छोटी गाडी वारंवार महाराष्ट्रातच बनली, आणि आपल्याच लोकांना तिचा पत्ता नाही.

फियाट पुढे रांजणगावला गेली, टाटांबरोबर भागीदारी झाली, पालिओ 'स्टाइल' नावाने थोडी वर्षं चालली आणि थांबली. पण गंमत बघा, त्याच रांजणगावात बनणारं फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन टाटांच्या आणि फियाटच्या गाड्यांत गेलं. तेच इंजिन मारुतीने परवाना घेऊन स्विफ्ट-डिझायरमध्ये घातलं. लोक त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. फियाटची गाडी नको म्हणणाऱ्या घरांतसुद्धा वर्षानुवर्षं फियाटचंच इंजिन पळत होतं.

तर अशी ही रेघेबाहेरची, कुणाला नको असलेली गाडी मी २०२२ च्या दिवाळीनंतर कोल्हापुरातून घेतली. २००५ ची, एमएच-०९. पंचावन्न हजार. कोल्हापूरच का, तर आपल्याकडची जुनी माणसं सांगतात ते खरं आहे: जुनी गाडी घ्यायची तर घाटावरची घ्या. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, वर खारी हवा, आणि मिरकरवाड्याकडून निघणाऱ्या मासळीच्या गाड्या रस्ताभर खारं पाणी सांडत जातात ते वेगळं. इथे इंजिन मरायच्या आधी पत्रा मरतो. कोल्हापूरच्या गाडीची खालची बाजू बघितली, जॅक लावायच्या जागा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघितल्या, आणि मगच इंजिन चालू करायला सांगितलं.

गाडी बघून आमचे मिस्त्रीचाचा एवढंच म्हणाले, "इंजिनाचा आवाज चांगला आहे भाऊ. बाकी सगळं रबर मेलंय." हे वाक्य मी वीस वर्षांच्या कुठल्याही गाडीला लावीन. लोखंड टिकतं, रबर मरतं. बुश, होज पाइप, इंजिन माउंटिंग, ब्रेकचे पाइप, दाराची रबरं. हा गाडीचा दोष नाही, वयाचा आहे.

पहिला खर्च टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप. आधीच्या मालकाने कधी बदलला याची पावती नव्हती. पावती नसेल तर बदललेला नाही, असंच धरायचं. मग टायर. दिसायला नवे होते, नक्षी पूर्ण शाबूत. पण कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते वाचले तर टायर नऊ वर्षांचे निघाले. काढून टाकले. ब्रेक ऑइल चहासारखं झालं होतं, ते बदललं. एवढं झाल्याशिवाय आंबा घाटात गाडी न्यायची नाही, हे ठरलेलं होतं. पहिल्या वर्षी साधारण चाळीस हजार गेले, आणि बाहेरून बघणाऱ्याला गाडीत काडीचा फरक दिसला नाही. बायकोने विचारलं, नेमकं केलं काय? उत्तर देणं अवघड होतं.

दुसऱ्या वर्षी खालचं काम. लोअर आर्म, शॉकअप, पुढचे माउंटिंग. इथे पार्टची खरी रड सुरू होते. कंपनीने गाडी बंद केली, मग डीलर बंद झाले. पण गाडी कुर्ल्याची, आणि जुन्या पार्टचा मोठा बाजार कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर! कारखान्यातली ती लाइन कधीच बंद पडली. प्रीमियर रोड हे नाव तेवढं उरलंय, आणि तिथून थोड्याच अंतरावर त्याच गाड्यांची हाडं विकायला मांडलेली. फोनवर फोटो पाठवायचा, पलीकडून फोटो येतो, भाव ठरतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हातखंब्याला ट्रॅव्हल्सवाल्याकडून गोणपाटात गुंडाळलेलं पार्सल उतरतं. जे तिथे नाही मिळालं ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात बनवून घेतलं. एक बुश नमुन्यावरून लेथवर काढून दिला तिथल्या माणसाने, पंधरा मिनिटांत. हे कौशल्य कुठल्याही धोरणात मोजलं जात नाही.

तिसऱ्या वर्षी पेट्रोलचे पाइप. कारण पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे आणि २००५ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग आणि गॅसकेट बदलावे लागू शकतात, हे सरकारनेही मान्य केलंय. इथेनॉल सोसणारे होज टाकले, टाकीच्या पंपाचं सील बदललं. खर्च फार नाही, अडीच-तीन हजार. पण वीस वर्षं जुन्या मारुती घेऊन फिरणाऱ्या किती लोकांना कुणी हे सांगितलंय? पंपावर एक पाटी लावायला काय हरकत होती?

मूळ गाडीत मी बदल केला नाही. मोठा सायलेन्सर नाही, खाली बसवलेली गाडी नाही. तरुण पोरं विचारतात, त्यांना सांगतो: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. कंपनीने बनवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत. आणि खरं सांगायचं तर चांगले टायर, चांगले ब्रेक आणि जिवंत बुश यांच्याइतका मोठा 'मॉडिफिकेशन' नाही. साखरप्याच्या पुढे घाट सुरू होतो तिथे दुसऱ्या गिअरमध्ये ती गाडी जशी वर चढते ना, त्यासाठी मी अजून चाळीस हजार घालीन.

आता येतो मूळ वाक्यावर. पंधरा वर्षं, भंगार.

मंडळी, महाराष्ट्रात खाजगी गाडी निव्वळ पंधरा वर्षं झाली म्हणून भंगारात जात नाही. दिल्लीची गोष्ट वेगळी. तिथे दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी यांवर बंदीचे आदेश आहेत, आणि त्यावरही सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये निव्वळ वयावरून कारवाई करू नका असं म्हटलं. आपल्याकडे पंधरा वर्षांनी गाडी तपासायची, पर्यावरण कर भरायचा, आणि पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यायची. २०२१ मध्ये आलेलं स्क्रॅप धोरणसुद्धा तपासणीत नापास होणाऱ्या गाडीबद्दल बोलतं. व्हॉट्सअॅपवर मात्र दिल्लीचा नियम रत्नागिरीत लागू झालाय. परिणाम? कुवारबावला, लांज्याला लोकांनी चांगल्या चालत्या गाड्या घाबरून वजनाच्या भावात दिल्या. ज्याने घेतल्या तो हुशार होता. त्यातल्या काही मला पुन्हा रस्त्यावर दिसल्या.

मात्र शुल्क काय झालं तेही बघा. नोंदणी नूतनीकरणाला पूर्वी ६०० रुपये होते. १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या चारचाकीला १०,००० केले. माझी गाडी आत्ता नेमकी त्या रांगेत आहे. दहा हजार भरायला माझी ना नाही. पण हे शुल्क माझा खिसा तपासतं, ब्रेक नाही तपासत. एखाद्याची आठ वर्षांची गाडी गुळगुळीत टायरवर काळा धूर सोडत निवळीचा घाट उतरते, तिला पंधरा वर्षं पुरी होईपर्यंत अशी तपासणी नाही. बाराशे सीसीची रेघ जशी इंजिनाचा आकार मोजते आणि धूर मोजत नाही, तशीच ही वयाची रेघ. मोजायला सोपं ते मोजलंय. यंत्रावर तपासणी करा, दर तीन वर्षांनी करा, दहा वर्षांच्या गाडीचीही करा. माझी गाडी नापास झाली तर मी स्वतः ती भंगारात नेऊन देईन.

मुंबईत तेच झालं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षं. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी नाही. गाडी धडधाकट होती का मोडकी, हा प्रश्न कायद्यापुढे नव्हताच. टॅक्सीला रोजचं रेटणं असतं, तिथे मर्यादा मी समजू शकतो. रविवारी भाट्याच्या पुलावरून फिरायला निघणाऱ्या घरच्या गाडीला तोच न्याय नको.

आतापर्यंतचा हिशेब कुणी विचारेल म्हणून देतो. पंचावन्न हजारांची गाडी, वर एक लाख वीस हजार, तीन वर्षांत. नूतनीकरणाची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. फॉर्म २५ भरून झालाय, विमा चालू आहे, पीयूसी आहे, नवी नंबर प्लेट बसली. एकच अडलंय. मागचा डावा दिवा फुटका आहे आणि सीएसटी रोडवर सध्या फक्त उजवा मिळतोय. रत्नागिरी, चिपळूण, राजापूर, कुठेही कुणाच्या मागीलदारी पालिओ झाकून पडलेली असेल तर कळवा. विकत घेतो, फुकट नको. आणि गाडी पुरी द्यायची असेल तर भंगारवाल्याला फोन करायच्या आधी मला करा.